टाचेतला थेंब ते रिपोर्ट: सुकवलेल्या रक्तनमुन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसूतिगृहातल्या सिस्टर, एएनएम ताई, प्रयोगशाळेतले टेक्निशियन आणि नवजात बाळांचे आई-वडील यांनी प्रशिक्षणाच्या वेळी किंवा फोनवर मला विचारलेले हे प्रश्न आहेत. नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त सुकवून पाठवलेली कार्डं प्रयोगशाळेत तपासून त्यांतून चकत्या पंच करण्याच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसले. कितीही चांगलं मशीन असो, खराब थेंबातून त्याला खरं उत्तर काढता येत नाही, हे तिथे रोज दिसायचं. म्हणून इथे मशीनबद्दल थोडं आणि टाच, थेंब, कार्ड यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुकवलेला रक्तनमुना म्हणजे नेमकं काय?

जाडसर, शुद्ध कापसापासून बनवलेल्या खास फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घेतात आणि ते वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. रोजच्या बोलण्यात आपण त्याला ‘डीबीएस’ (ड्राइड ब्लड स्पॉट) किंवा नुसतं ‘कार्ड’ म्हणतो. कार्डावर साधारण अर्ध्या इंचाची वर्तुळं छापलेली असतात. एका वर्तुळात ७५ ते १०० मायक्रोलिटर, म्हणजे एक मोठा थेंब रक्त मावतं. प्रयोगशाळेत त्या डागातून सुमारे ३.२ मिलिमीटरची चकती पंच करून काढतात. त्या चकतीत जेमतेम तीन मायक्रोलिटर रक्त असतं आणि एकेक तपासणी तेवढ्यावरच होते.

हा कागद साधा नसतो. किती रक्त किती जागेत पसरेल हे उत्पादनाच्या वेळीच मोजून ठरवलेलं असतं. टिपकागद किंवा केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतला गोल फिल्टर पेपर त्याच्या जागी चालत नाही.

शिरेतून रक्त का काढत नाहीत?

दोन दिवसांच्या बाळाची शीर सापडणं अवघड असतं आणि काढलेलं रक्त थंड ठेवून काही तासांत पोहोचवावं लागतं. धडगाव किंवा भामरागडहून ते रोज कसं जमणार? वाळलेलं कार्ड पाकिटातून जातं.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतल्या बफेलो शहरातले डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळांमधला फिनाइलकीटोन्युरिया हा आजार ओळखण्यासाठी फिल्टर पेपरवरच्या थेंबाची चाचणी बसवली. १९६३ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या आजारात बाळ जन्मतः अगदी छान दिसतं, पण उपचार न झाल्यास त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. लक्षणं दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. बाळ छान दिसत असतानाच तपासायचं, हा नवजात तपासणीचा सगळा विचार तिथूनच पुढे आला.

आपल्याकडे या कार्डावर कोणत्या तपासण्या होतात?

जन्मजात थायरॉईडची कमतरता सर्वांत महत्त्वाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाच शहरांत लाखभर बाळं तपासली, तेव्हा साधारण अकराशे बाळांमागे एका बाळात ती सापडली. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर ते बाळ पुढे इतर मुलांसारखंच शाळेत जातं. आईच्या दुधात विरघळवून द्यायची, अगदी स्वस्त गोळी आहे ती. सुकवलेल्या थेंबाबद्दल मी इतकी आग्रही का आहे, त्याचं मोठं कारण ही गोळी आहे.

त्याशिवाय मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात विकार, जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता, गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येणं) आणि सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार). विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल घराघरांत माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि तेव्हापासून तपासणीला वेग आला. एचआयव्हीग्रस्त आईच्या बाळाची तपासणीही याच प्रकारच्या कार्डावर होते, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

गोव्यात २००८ सालीच राज्य सरकारने नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात मात्र आजही कुठल्या रुग्णालयात जन्म झाला, यावर बाळाची कोणती तपासणी होणार हे बरंचसं ठरतं.

बाळ किती तासांचं असताना नमुना घ्यावा?

शक्यतो ४८ ते ७२ तासांचं असताना, म्हणजे दूध नीट सुरू झाल्यावर.

जन्मानंतर थंड हवा लागली की बाळाच्या शरीरात टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हॉर्मोन, थायरॉईड कमी पडलं की तेही वाढतं) एकदम वाढतं आणि दिवसभरात हळूहळू उतरतं. पहिल्या २४ तासांत नमुना घेतला, तर निरोगी बाळही ‘वाढलेलं’ दिसतं. घरी विनाकारण घबराट होते आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं. फिनाइलकीटोन्युरियासारख्या आजारांत उलटं होतं. पोटात पुरेसं दूध गेलं नसेल, तर आजार असूनही कार्ड निर्दोष दिसू शकतं.

पण दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज द्यायचा असेल तर? २४ तास उलटून गेले असतील, तर जाण्याआधी नमुना घ्या, कार्डावर वेळ स्पष्ट लिहा आणि पुन्हा यायची तारीख आईच्या हातात द्या. काही रुग्णालयं थायरॉईडसाठी नाळेतलं रक्त घेतात, तोही मार्ग आहे. फक्त नाळेच्या रक्तावर बाकीचे बरेच आजार कळत नाहीत, हे आईला सांगायचं राहून जातं. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जातातच. राहिलेल्या बाळांची यादी त्यांच्याकडे दिली, तर बाळ निसटत नाही.

टाचेवर नेमकं कुठे टोचायचं?

तळव्याच्या बाजूने, टाचेच्या दोन्ही कडांना. बाळाच्या अंगठ्याच्या मध्यापासून टाचेकडे एक सरळ रेघ मनात ओढा आणि करंगळी-अनामिकेच्या फटीपासून दुसरी. या दोन रेघांच्या बाहेरचा भाग सुरक्षित आहे. टाचेच्या मधोमध किंवा मागच्या गोलाईवर कधीही टोचू नका. तिथे हाड अगदी जवळ असतं आणि हाडाला जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

पूर्ण दिवसांच्या बाळाला लॅन्सेटचं (टोचायच्या छोट्या पात्याचं) टोक २ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी त्याहून उथळ लॅन्सेट मिळतात. इंजेक्शनची सुई वापरू नका. ती किती खोल जाईल ते हातावर अवलंबून राहतं आणि भोक बारीक पडल्यामुळे रक्तही नीट येत नाही.

बाळ मोठं असेल तर जागा बदलते. साधारण पाच ते दहा किलोच्या बाळाला पायाच्या अंगठ्यातून आणि त्याहून मोठ्या मुलाला हाताच्या बोटातून रक्त घेतात.

टोचलं, पण रक्तच येत नाही. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि बहुतेक चुका याच क्षणी होतात. बाळ रडत असतं, आजी दारातून बघत असते, बाहेर रांग असते आणि हात आपोआप टाच पिळायला लागतो. पिळू नका. पिळल्याने रक्तपेशी फुटतात आणि मांसातलं पाणी रक्तात मिसळतं. कार्डावर रक्त भरपूर दिसतं, पण ते पातळ झालेलं असतं आणि रिपोर्टचा आकडा खोटा येतो.

खरी तयारी टोचण्याआधीची असते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं तीन ते पाच मिनिटं टाचेला गुंडाळून ठेवा. आपल्या मनगटाला सुखद वाटेल इतपतच गरम. ४२ अंशांच्या वर गेलं, तर बाळाची कातडी भाजू शकते. शेक-शेगडीची सवय असलेल्या घरांत हे आवर्जून सांगावं लागतं. आईला बाळ उभं, छातीशी धरायला सांगा, म्हणजे पाय हृदयाच्या खाली राहतो. ऑक्टोबर सरल्यावर पहाटे गारठलेल्या वॉर्डात नमुने घेण्याऐवजी दुपारी घेतले, एवढ्या बदलानेही फरक पडतो.

टाच आधी नीट पुसा. आपल्याकडे बाळाला तेल चोळतात, बेसन-हळद लावतात, पावडर टाकतात. त्याचा थर टाचेवर असेल, तर रक्त गोल थेंबात जमत नाही, कातडीवर पसरतं. स्पिरिटने पुसलं की ते पूर्ण वाळू द्या. ओलं स्पिरिट रक्तात मिसळलं, तर डागाभोवती फिकट पिवळसर कडं येतं आणि तो नमुना बाद होतो.

टोचल्यावर पहिला थेंब कोरड्या निर्जंतुक कापसाने पुसून टाका. मग टाच हलकेच धरा, सोडा, पुन्हा धरा आणि दुसऱ्या मोठ्या थेंबाची वाट पहा. इतकं करूनही रक्त थांबलं, तर नव्या लॅन्सेटने दुसऱ्या जागी टोचा. एकदा जास्त टोचल्याचं वाईट वाटतं, पण नमुना बाद होऊन आठवड्याने बाळाला परत बोलावण्यापेक्षा ते बरं.

थेंब कार्डावर कसा घ्यायचा?

एक वर्तुळ, एक थेंब, एकाच बाजूने. थेंब मोठा होऊन लोंबायला लागला की कार्ड त्याला हळूच टेकवा. कागद स्वतःच रक्त शोषून घेतो. टाच कार्डावर दाबू नका, घासू नका. कार्ड उलटून पहा. मागच्या बाजूलाही वर्तुळ तितकंच भरलेलं दिसलं, तर नमुना नीट आला असं समजा.

कमी भरलं म्हणून त्यावर दुसरा थेंब टाकायचा मोह होतो. टाकू नका. पहिला थेंब सुकायला लागलेला असतो, त्यावर दुसरा थर बसतो आणि पंच केलेल्या चकतीत दुप्पट रक्त येऊ शकतं. मागून भरणं हीसुद्धा तीच चूक. अर्धं राहिलेलं वर्तुळ तसंच सोडा आणि पुढच्यात नवा थेंब घ्या.

छापलेल्या वर्तुळांना बोट लावू नका, हातमोज्यानेही नाही. हातमोज्याची पावडर आणि हाताचं क्रीमसुद्धा नमुना बिघडवतं.

छोटा डाग असेल तर चालतो का? प्रयोगशाळा चकती तर एवढीशीच काढते.

नाही. छोट्या डागात रक्त वेगळ्या पद्धतीने पसरतं आणि मोजलेलं प्रमाण खऱ्याहून कमी येतं. ज्या आजारात वाढलेला आकडा धोक्याची खूण असतो, तिथे खरोखरच आजारी असलेलं बाळ ‘नॉर्मल’ ठरू शकतं. कार्ड ओलं असताना दाबलं गेलं, तरी असंच होतं. नाकारलेल्या कार्डाचा निदान फोन तरी येतो. आकडा थोडासा खाली सरकलेलं कार्ड कोणालाच संशय येऊ न देता पुढे जातं, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

जांभळ्या टोपणाच्या बाटलीतलं रक्त कार्डावर टाकलं तर?

नवजात तपासणीसाठी टाकू नका. त्या बाटलीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) थायरॉईडच्या आणि काही हॉर्मोनच्या चाचण्यांत ढवळाढवळ करतं. एचआयव्हीच्या पीसीआरला (थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला) ईडीटीए चालतं, पण हेपारिन हे रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन चालत नाही. त्यामुळे कुठल्या तपासणीसाठी काय चालतं, हे तुमच्या प्रयोगशाळेकडून लेखी घेऊन भिंतीवर लावा.

कार्ड सुकवायचं कसं? आमच्याकडे पावसाळ्यात काहीच सुकत नाही.

कार्ड आडवं ठेवायचं आणि रक्त भरलेला भाग वर-खाली दोन्हीकडून हवेत मोकळा राहायला हवा. सुकवायचा रॅक नसेल, तर कार्डाची नाव लिहिलेली बाजू एखाद्या जड वहीखाली धरून उरलेला भाग टेबलाच्या कडेबाहेर ठेवता येतो. उभं ठेवलं तर रक्त खाली उतरून एका बाजूला गडद होतं. एकावर एक ठेवलं तर एका बाळाचं रक्त दुसऱ्याच्या कार्डाला लागतं.

उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही, ऑटोक्लेव्हच्या किंवा बेबी वॉर्मरच्या शेजारी नाही. उष्णतेने काही एन्झाइम मरतात. खोलीच्या तापमानाला निदान चार तास सुकू द्या. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये चार तास पुरत नाहीत, तिथे रात्रभर ठेवा आणि जमलं तर एसी असलेल्या खोलीत. डागाचा रंग लालभडक न राहता गडद तपकिरी आणि सगळीकडे एकसारखा झाला की कार्ड सुकलं. रात्री मुंग्या आणि माशा येतात, म्हणून रॅकवर जाळी ठेवा. मुंग्यांनी खाल्लेली वर्तुळं मी स्वतः पाहिली आहेत.

पूर्ण सुकल्यावर प्रत्येक दोन कार्डांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, न शोषणारा) कागद घालून ती झिपच्या पिशवीत ठेवा, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं कार्ड. त्या कार्डावरचा ३० टक्क्यांचा ठिपका निळ्याचा गुलाबी झाला की पुड्या बदलायच्या. ओलसर कार्ड पिशवीत बंद केलं, तर आतल्या आत बुरशी धरते. म्हणून घाईने पिशवीत घालण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या कुरिअरने पाठवा.

पाच-सहा कार्डं जमली की एकत्र पाठवतो. चालेल ना?

कुरिअरचा खर्च वाचतो, हे मला कळतं. पण पहिल्या बाळाचं कार्ड सहाव्या बाळाच्या जन्माची वाट पाहत पडून राहतं. ॲड्रिनलच्या विकारातलं बाळ दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंगातलं मीठ कमी होऊन एकाएकी अत्यवस्थ होऊ शकतं. त्याच्यासाठी असे वाट पाहण्यात गेलेले दिवस फार मोठे असतात. नमुना घेतल्यापासून २४ तासांत कार्ड निघायला हवं, असा नियम ठेवा. शनिवारी दुपारी घेतलेल्या नमुन्याचं काय होतं, हे एकदा स्वतः तपासून पहा.

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे कुरिअरच्या गाडीत कार्डं तापतात. जी-सिक्स-पीडीचं एन्झाइम उष्णता आणि दमटपणाने कमजोर होतं आणि निरोगी बाळाला कमतरता असल्याचं दिसतं. त्या दिवसांत पाकीट संध्याकाळी द्यावं.

कार्डावरची माहिती इतकी महत्त्वाची आहे का?

रक्ताइतकीच. जन्माची वेळ, नमुन्याची वेळ, वजन, किती आठवड्यांचं बाळ, दूध सुरू आहे का, रक्त चढवलं आहे का, यावर रिपोर्टचा अर्थ बदलतो. बॉलपेनने लिहा, जेल पेनची शाई पसरते. आणि टोचण्याआधी लिहा. नंतर लिहायचं ठरवलं, की ओल्या कार्डावर हात ठेवून लिहिलं जातं.

सगळ्यात जास्त घोळ पत्ता आणि फोनचा होतो. पहिलं बाळंतपण माहेरी. कार्डावर पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा, नवरा पुण्यात किंवा सुरतेला कामावर आणि आई-बाळ भलत्याच तालुक्यात. एका बाळाचं टीएसएच खूप वाढलेलं आलं होतं. त्याला शोधायला आम्हाला नऊ दिवस लागले. फोन लागत होता, पण उचलणाऱ्याला बाळ कुठल्या गावी आहे ते नीट सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते: ‘पुढचा महिनाभर बाळ कुठे असणार आहे?’ असा सरळ प्रश्न विचारा. माहेरचा एक आणि सासरचा एक असे दोन नंबर घ्या आणि त्यांतला एक तिथेच लावून पहा. शक्य असेल तर गावच्या आशाताईंचं नावही लिहा.

कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव एवढंच असतं. एकाच वॉर्डात दोन सुनीता असतात, म्हणून केस पेपर नंबर हवाच. जुळ्यांना पहिलं आणि दुसरं असं स्पष्ट लिहा.

बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात अतिदक्षता विभागात) आहे, रक्त चढवायचं आहे. नमुना आधी की नंतर?

आधी, बाळ २४ तासांचं झालं नसलं तरी. दुसऱ्याचं रक्त अंगात गेल्यावर सिकलसेल आणि एन्झाइमच्या तपासण्या त्या रक्तदात्याबद्दल सांगायला लागतात. वेळेआधी घेतल्याची नोंद करा आणि बाकीच्या तपासण्यांसाठी नंतर पुन्हा नमुना पाठवा.

एवढ्याशा जिवाला टोचायचं, दुखत नाही का?

दुखतं. नाही म्हणून आईला फसवू नये. पण दुखणं कमी करता येतं. बाळाला आईच्या अंगावर घेऊन दूध पाजत असतानाच टाच टोचली, तर ते खूप कमी रडतं. आईजवळ नमुना घेण्यात सिस्टरांना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. एकदा करून पहा, पाय जास्त स्थिर राहतो.

‘पाचवी पुजायच्या आत बाळाचं रक्त काढू नये’ असं म्हणणाऱ्या आज्या भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. सगळं मिळून चमचाभरसुद्धा रक्त जात नाही, हे त्यांना प्रत्यक्ष कार्ड दाखवून सांगा. गावात एखादं मतिमंद राहिलेलं मूल त्यांनी पाहिलेलं असतं. वेळेवर कळलं असतं तर त्यातली काही मुलं नीट वाढली असती, हे त्यांना समजतं. बऱ्याचदा मग आजीच बाळाला मांडीवर घेऊन बसते.

पुन्हा नमुना मागवला म्हणजे बाळाला आजार आहे का?

तसं नाही. कधी नमुना बाद झालेला असतो, कधी आकडा सीमारेषेवर असतो. ही तपासणी चाळणीसारखी आहे, पक्कं निदान पुढच्या चाचणीने होतं. पण बोलावलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. आणि फोन करणाऱ्यांना माझी विनंती आहे: नमुना बिघडला म्हणून बोलावत असाल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे घरचे रात्रभर रडत बसणार नाहीत.

एचआयव्हीग्रस्त आईच्या बाळाचं कार्ड वेगळं का?

आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी बाळाला संसर्ग आहे असं म्हणता येत नाही. म्हणून कार्डावरच्या रक्तात पीसीआरने थेट विषाणू शोधतात. पहिला नमुना सहाव्या आठवड्यात, लसीकरणाच्या भेटीतच घेता येतो. उपचार न मिळाल्यास संसर्ग झालेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश पहिला वाढदिवस पाहत नाहीत, म्हणून इथे बाद झालेलं कार्ड फार महागात पडतं. पीसीआर सूक्ष्म अंशही पकडते, म्हणून प्रत्येक बाळासाठी हातमोजे बदला आणि कार्डं एकमेकांना लागू देऊ नका. कार्डावर नावाऐवजी कोड असतो. तो रजिस्टरशी दोनदा ताडून पहा आणि वॉर्डात मोठ्याने काही विचारू नका.

वापरलेलं साहित्य कुठे टाकायचं?

लॅन्सेट पांढऱ्या, टोकाने भोक न पडणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत.

नवीन साधनं आली आहेत म्हणे?

आली आहेत. ठरावीक मायक्रोलिटर रक्तच शोषणारी टोकं असतात, त्यामुळे रक्त घट्ट आहे की पातळ याचा परिणाम कमी होतो. प्लाझ्मा वेगळा करणारी कार्डंही मिळतात. मोठ्यांच्या तपासण्यांसाठी ती उपयोगी आहेत. पण नवजात तपासणीची सगळी प्रमाणं साध्या कार्डावर बसवलेली आहेत आणि नव्या साधनाची किंमत बरीच जास्त. आधी कोमट फडकं आणि सुकवायचा रॅक आणा.

आमच्या रुग्णालयात सुधारणा कुठून सुरू करू?

एका वहीपासून. बाद झालेल्या प्रत्येक कार्डाची नोंद करा: तारीख, कारण, नमुना कोणत्या पाळीत घेतला, बाळ पुन्हा आलं का. नमुना घेणाऱ्याचं नाव त्यात लिहू नका. नाव आलं की लोक चुका लपवतात. ब्रिटनमध्ये टाळता येण्याजोगे पुनर्नमुने दोन टक्क्यांच्या आत असावेत, अशी अपेक्षा असते. आपला आकडा किती आहे, हे आधी कळू द्या.

प्रयोगशाळेकडून बाद कार्डांचे फोटो मागवून घ्या. एका ग्रामीण रुग्णालयात आम्ही असे फोटो ड्युटी रूमच्या कपाटावर चिकटवले होते: एक पिळलेलं, एक दोन थरांचं, एक ओलं बंद केलेलं आणि शेजारी एक उत्तम. व्याख्यानात जे तासभर सांगून पोहोचत नव्हतं, ते चहा पिता पिता पोहोचलं. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले, तेव्हा रात्रपाळीच्या एका सिस्टरांनी स्वतःहून पाचवा फोटो लावलेला होता. मुंगीने खाल्लेलं वर्तुळ आणि खाली पेनाने लिहिलेलं: ‘जाळी ठेवा.’